माळ्यावरची खेळणी आणि टेबलावरचा नाणेघाट

व्यापारी माणसाला पडून राहिलेला माल डोळ्यांत खुपतो. दुकानाच्या फळीवर वर्षभर न हललेली वस्तू दिसली, की तिला काही वाट करून दिल्यावाचून त्याला स्वस्थता लाभत नाही. घरातील माळ्याकडे मात्र आपण या नजरेने क्वचितच पाहतो. चाके निखळलेल्या मोटारी, शेपूट तुटलेले डायनोसॉर, निम्मे हरवलेले लाकडी ठोकळे, सोंगट्या नसलेले ल्यूडो आणि झाकण हरवलेली भातुकली तेथे वर्षानुवर्षे पडून असते. टाकवत नाही आणि उपयोगही सुचत नाही.

त्याच घरातील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एखाद्या नव्या छंदासाठी पैसे मागत असते. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांची गोडी आता आपल्या शहरांतील तरुणांनाही लागली आहे. या खेळासाठी डोंगर, गुहा, पूल आणि मनोरे यांचे छोटे देखावे विकत मिळतात. रेझिनचे, हाताने रंगवलेले परदेशी देखावे घ्यायचे म्हटले, तर टेबलाचा एक कोपरा भरण्यासही हजारो रुपये लागतात. पालकांना हा खर्च खटकतो आणि मुलांना नकार खटकतो. त्यात एक गैरसमज दोघांच्याही मनात घर करून बसतो, की हा श्रीमंतांचा खेळ आहे. वस्तुतः या खेळाचा जन्मच स्वस्त खेळण्यांच्या पिशवीतून झाला आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळात चार-पाच खेळाडू असतात आणि एक सूत्रधार. प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो. कोणी वैद्य होतो, कोणी वाटाड्या, कोणी योद्धा. सूत्रधार प्रसंग सांगतो, ‘समोर नदीला पूर आला आहे, पलीकडे गावात दिवे दिसत आहेत; आता तुम्ही काय कराल?’ खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. कृती साधली की फसली, याचा निर्णय बहुधा फाशावर होतो. यातला सर्वांत परिचित फासा २० बाजूंचा असतो. एकच कथा अनेक बैठकांतून महिनोन्महिने चालते.

खेळ नुसत्या बोलण्यावरही चालतो. परंतु कोण कोठे उभा आहे आणि दार किती दूर आहे, हे सर्वांना सारखेच कळावे म्हणून टेबलावर देखावा मांडतात. मराठी घराला ही गोष्ट परकी वाटू नये. विटा, दगड आणि गोणपाट रचून, त्यावर माती लिंपून, अळीव किंवा मोहरी पेरून दिवाळीत किल्ला करणारी मुले हेच काम करीत असतात. भेद एवढाच, की दिवाळीचा किल्ला पाहण्यासाठी असतो आणि हा देखावा आत शिरून वावरण्यासाठी.

स्वस्ताईत जन्मलेला छंद

टेबलावर भूप्रदेश मांडून खेळण्याची कल्पना जुनी आहे. प्रशियातील राइसवित्झ याने युद्धाचा एक खेळ प्रथम वाळूत मांडून दाखवला आणि १८१२ साली राजासाठी त्याचे सरकत्या तुकड्यांचे राजेशाही टेबल तयार केले. हा झाला दरबारी थाट. सामान्य घरात तो खेळ आणला इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. १९११ साली त्यांचे ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या आरंभीच्या खेळात गालिच्यावर मांडलेले ज्ञानकोशाचे जाडजूड खंड हेच डोंगर होते आणि मुलांच्या लाकडी विटांची घरे होती. युद्धखेळावर पुस्तक लिहिणाऱ्या वेल्स यांचा निष्कर्ष मात्र युद्धाविरुद्धचा होता. खेळातल्या लढाईत किती चुका होतात हे एकदा अनुभवले, म्हणजे खऱ्या महायुद्धाचा मूर्खपणा ध्यानी येईल, असे त्यांनी त्याच पुस्तकात मांडले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

आजच्या भूमिका-खेळाची कथा अमेरिकेत घडली. मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरात डेव्ह आर्नेसन हा तरुण राहत असे. १९७१ च्या सुमारास त्याने नेपोलियनकालीन लढाया खेळणाऱ्या मित्रांपुढे एके दिवशी वेगळेच काही मांडले. टेबलावर मधोमध प्लास्टिकचा एक मध्ययुगीन किल्ला होता. खेळण्यातल्या आगगाडीभोवती मांडण्याच्या इमारती करणाऱ्या एका जर्मन कंपनीची ती प्रतिकृती होती. त्या किल्ल्याखाली भुयारे आहेत आणि तुम्ही त्यांत उतरला आहात, असे त्याने मित्रांना सांगितले. ‘ब्लॅकमूर’ नावाची ती कथा पुढे वर्षानुवर्षे चालली.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स राहत होते. त्यांना राक्षस हवे होते आणि तसे पुतळे बाजारात मिळत नव्हते. तेव्हा ते स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून हिंडत. एका प्लास्टिकच्या स्टेगोसॉरसमध्ये फेरफार करून त्यांनी ड्रॅगन बनवला. हाँगकाँगहून येणाऱ्या, ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळण्यांची एक पिशवी त्यांच्या हाती लागली. त्यातले आकार कोणत्याच ज्ञात प्राण्याशी जुळत नव्हते. गायगॅक्स यांनी एकेकाला नाव आणि स्वभाव दिला. लोखंडाला गंज चढवून ते फस्त करणारा प्राणी आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल १९७५ साली खेळाच्या पुस्तकात आले. जमिनीखालून पोहत येणारा कवचधारी प्राणी १९७६ साली ‘द ड्रॅगन’ या मासिकाच्या पहिल्या अंकात अवतरला. आज जगभरचे खेळाडू ज्यांना ओळखतात, असे हे तिन्ही प्राणी मुळात त्या पिशवीतले.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली निघाला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १,००० प्रती होत्या आणि पेटीची किंमत १० डॉलर होती. या इतिहासातून घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या खेळण्यांना मोल आले ते त्यांच्याभोवती विचारलेल्या प्रश्नांमुळे. हा प्राणी काय खात असेल? या किल्ल्याखाली काय असेल? देखावा किती रुपयांचा आहे यापेक्षा तो खेळाडूपुढे कोणता प्रश्न उभा करतो, यावर त्याची खरी किंमत ठरते.

आधी माप, मग मांडणी

घरातली खेळणी नाना आकारांची असतात. त्यांची निवड मापाने करावी. या खेळात १ इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट, असे रूढ प्रमाण आहे. त्यामुळे साडेपाच फुटी माणूस सुमारे २८ मिलिमीटरचा होतो, ७ फुटी दार साडेतीन सेंटिमीटरचे आणि बैल खांद्यापर्यंत सव्वादोन ते अडीच सेंटिमीटरचा. पुठ्ठ्यावर या तीन रेघा आखून ठेवाव्यात आणि माळ्यावरची प्रत्येक वस्तू त्यांच्याशेजारी धरून पाहावी. मग तिचे नवे रूप आपोआप दिसू लागते.

कॅरमच्या सोंगटीचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटर असतो. एकीवर एक रचल्या की दगडी खांब उभा राहतो. लेगोच्या ठोकळ्यावरील दोन उंचवट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. तीन उंचवटे म्हणजे २४ मिलिमीटर, अर्थात जवळजवळ एक चौकोन. म्हणून चौकोनांचे गणित न बिघडवता लेगोच्या भिंती उभारता येतात. भोवरा उलटा ठेवला की कळस होतो. बांगडी आडवी ठेवली की विहिरीचा कठडा. दोऱ्याचे रिकामे रीळ म्हणजे रहाट किंवा पिंप. ल्यूडोच्या सोंगट्या माणसांच्या जागी चालतात. भातुकलीतील हंडे, घागरी, परात आणि चूल यांना तर काहीच करावे लागत नाही. त्या मुळातच लहानशा जगासाठी घडवलेल्या असतात.

दुकानातून घरी येणाऱ्या वस्तूंकडेही लक्ष असावे. मालाच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा, कापड गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची नळी, साडीचे खोके, औषधाच्या बाटल्यांची झाकणे, कापडाच्या चिंध्या. नळी कापली की मनोरा होतो, चिंध्या बांधल्या की गाठोडी होतात.

दोन पथ्ये आधीच सांगावीशी वाटतात. धाकट्या भावंडाचे खेळणे त्याला विचारल्यावाचून घेऊ नये. आणि जे खेळणे अजून चालते, ते चिकटवू वा रंगवू नये. त्यावर पुठ्ठ्याचे आवरण घालावे, म्हणजे खेळ संपल्यावर ते जसेच्या तसे परत जाते.

टेबलावर नाणेघाट

उदाहरणादाखल एक पूर्ण देखावा उभारू. परदेशी भुयारे आणि ड्रॅगन यांनीच आरंभ करावा असे नाही. व्यापाऱ्यांच्या मुलांना जवळचा वाटेल असा प्रदेश आपल्याकडे आहे. सोपारा-कल्याण या बंदरांकडून घाटमाथ्यावरच्या जुन्नरला आणि पुढे पैठणला जाणारी जुनी वाट नाणेघाटातून चढते. माथ्याजवळ सातवाहनकालीन लेणे आहे, त्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी जमा करण्यासाठी होता, असे परंपरा सांगते.

पायासाठी २४ इंच लांब आणि १८ इंच रुंद असा जाड पुठ्ठा किंवा जुना प्लायवूड घ्यावा. त्यावर दोन बाजूंना लाकडी ठोकळे रचून दोन उतार उभे करावेत आणि मध्ये वाट सोडावी. ठोकळे पुठ्ठ्याच्या आत झाकले जाणार असल्याने ते चिकटवण्याचे कारण नाही. आता नालीदार पुठ्ठ्याचे पट्टे ठोकळ्यांवर आणि भोवती थरावर थर लावीत जावे. पट्ट्यांची बाहेरची कड कात्रीने न कापता हाताने फाडावी. सह्याद्रीचा खडक लाव्हाच्या आडव्या थरांनी बनला आहे, म्हणून त्याचे कडे दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. फाडलेल्या पुठ्ठ्याचे थर हुबेहूब तसेच दिसतात. तासलेला गुळगुळीत डोंगर दुसऱ्या एखाद्या देशाचा वाटेल. हा मात्र आपलाच घाट वाटतो.

वाट पायथ्याशी तीन चौकोन रुंद ठेवावी आणि माथ्याकडे नेत एका चौकोनावर आणावी. चढणीच्या पायऱ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या दोन-तीन एकत्र चिकटवून आडव्या लावाव्यात. माथ्याजवळ टूथपेस्टचे खोके एका बाजूने उघडे ठेवून कड्यात बसवले की लेणे तयार होते. आत भिंतीवर बारीक पेनाने काही आडव्या ओळी काढल्या की शिलालेखाचा भास होतो. खिंडीच्या तोंडाशी भातुकलीतला सर्वांत गोल हंडा ठेवावा. तोच आपला जकातीचा रांजण.

आता तांडा. शेतातील प्राण्यांच्या प्लास्टिकच्या संचातून मापाचे बैल निवडावेत. त्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना चिंध्यांची गाठोडी दोऱ्याने बांधावीत; मण्यांची मडकी होतात. तुटक्या मोटारींची चाके आणि आगकाडीच्या पेट्या यांची एखादी बैलगाडी करता येते. पण ती पायथ्याशीच ठेवावी, कारण या वाटेने गाडी चढत नाही. गाडीतला माल बैलांच्या पाठीवर चढवायचा, तर काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा पहिला पेच तेथेच उभा राहतो.

रंग आणि चिकट पदार्थ

लाल ठोकळा, पिवळा बैल आणि तपकिरी पुठ्ठा यांना एका जगात आणण्याचे काम रंग करतो. कायम देखाव्यात राहणाऱ्या वस्तूंसाठी ही रीत आहे. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावीत आणि बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावीत. नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. त्यानंतर काळा ॲक्रिलिक रंग आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण सर्वत्र लावावे. हा थर पुठ्ठ्याला बळकटी देतो आणि निरनिराळ्या पृष्ठभागांना एकरूप करतो. तो वाळल्यावर कोरड्या ब्रशवर थोडासा राखाडी रंग घ्यावा, जुन्या कागदावर बहुतेक पुसून टाकावा आणि उरलेला ब्रश खडकावरून फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्याच राहतात आणि पुठ्ठ्याचा दगड होतो. शेवटी पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग वाटेवर सोडावा. वापरून, धुऊन, पूर्ण वाळवलेली चहाची पत्ती फेव्हिकॉलवर भुरभुरवली की माती दिसते. भांडी घासण्याच्या स्पंजाचे हिरवे तुकडे झुडपे होतात.

आपल्या घरांत विचारला जाणारा एक प्रश्न येथेच पाहू. जुना सरस प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून बनतो. फेव्हिकॉलसारखे पांढरे चिकटद्रव्य कृत्रिम असते. पुष्कळसे ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. नायलॉनचे ब्रश सहज मिळतात आणि या कामाला तेच बरे. कणकेची खळ वा धान्याचे दाणे देखाव्यात वापरू नयेत. त्यांना कीड लागते, देखावा खराब होतो आणि जीवहत्येला कारण घडते. कच्चा माल निवडताना एवढे पाहिले, की छंद आणि घरचा आचार यांत विरोध उरत नाही.

सुरक्षिततेबाबतही थोडे सांगणे अगत्याचे आहे. थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारू नये. त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळते. तापल्या तारेने ते कापताना निघणारा धूर अपायकारक असतो, म्हणून ते काम मोठ्यांनी आणि उघड्या खिडकीजवळ करावे. फार जुन्या रंगीत खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. ती घासू नयेत. कटर आणि गरम गोंदाची बंदूक लहान मुलांच्या हाती देऊ नये.

घाटातील पेच

आता खेळाकडे वळू. चार खेळाडू चार व्यापाऱ्यांच्या भूमिका घेतात. सोपाऱ्याहून माल निघाला आहे आणि तो जुन्नरला पोचवायचा आहे. अर्ध्या चढणीवर वाट एका चौकोनाची होते आणि नेमका तेथेच माथ्यावरून उतरणारा दुसरा तांडा समोर येतो. दोन बैल शेजारून जाऊ शकत नाहीत, हे सूत्रधाराला सांगावे लागत नाही. टेबलावर सगळ्यांना ते दिसत असते. मागे कोणी सरायचे? बैल आजारी असलेल्याला आधी वाट द्यायची का? वाट देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा का? आणि माथ्यावरच्या रांजणात किती नाणी टाकायची, हे सोबत्यांपासून लपवून ठेवणारा एखादा आपल्यातच असेल तर?

या कथेत तलवार उपसली नाही तरी ताण कमी होत नाही. वाटाघाट, शब्द पाळणे, नफ्या-तोट्याचा अंदाज आणि संकटात सोबत न सोडणे, हे सारे त्या अरुंद चौकोनात येऊन ठेपते. उद्द्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात सोपाऱ्यातील व्यापाऱ्यांच्या मेळाव्याचे वर्णन आहे. कोण कोणत्या देशी गेला, कोणता माल नेला आणि बदल्यात काय आणले, हे तेथे प्रत्येक जण सांगतो. प्रवासाच्या कथा गोलाकार बसून सांगण्याची आवड आपल्या व्यापारी समाजात किती जुनी आहे, याची ती साक्ष आहे. आपल्या मुलांच्या टेबलावर तीच बैठक नव्या रूपाने भरते.

विकत आणलेला सुबक मनोरा टेबलावर शोभून दिसेल. पण त्याची दारे बनवणाऱ्याने ठरवलेली असतात. स्वतः रचलेल्या घाटाची वाट कोठे रुंद आणि कोठे अरुंद ठेवायची, हे मुलांनी ठरवलेले असते, आणि असे ठरवतानाच ती कथाकार होतात. आजोबांना जुन्या बाजारपेठांच्या वाटा ठाऊक असतात, आजीच्या भातुकलीतले प्रत्येक भांडे कोठून आले ते तिला आठवते, वडिलांना खोक्यांची मापे तोंडपाठ असतात. देखावा उभारताना या तिघांचीही गरज पडते. एरवी आपापल्या पडद्यात गुंतलेले घर एका टेबलाभोवती येते, हा या काटकसरीचा सर्वांत मोठा लाभ.

आरंभ लहान करावा. पहिल्या रविवारी केवळ मापाची पट्टी आखून माळा उतरवावा. दुसऱ्या रविवारी थर फाडावेत, तिसऱ्या रविवारी रंग द्यावा, चौथ्या रविवारी खेळ मांडावा. ठोकळे, रांजण आणि बैल सुटे राहतील असेच सर्व रचावे, म्हणजे त्यांतूनच पुढच्या महिन्यात बंदर उभे राहील आणि त्यानंतर जुन्नरची पेठ. सर्व साहित्य साडीच्या एका मोठ्या खोक्यात मावते. त्या खोक्यावर मुलांच्या हाताने ‘सोपारा ते जुन्नर’ असे लिहून घ्यावे आणि ते माळ्यावर न टाकता हाताशी येईल अशा फळीवर ठेवावे.